दरसाल एक जिताडा

बेलापूरच्या निबंधक कार्यालयाखाली,
झेरॉक्सवाल्याला लागून माझं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली बाद मुद्रांकांची घडी.

मंगळवारी चांगुणाबाई आल्या, भाऊ हसुराम सोबत.
हक्कसोडपत्र छापून तयार होतं:
शहाबाजचा प्लॉट, साडेबारा टक्क्यांत आलेला, बापाच्या नावचा.
मी वाचत होतो, माझ्या रोजच्या एकसुरी आवाजात,
चतुःसीमा, क्षेत्र, राजीखुशीने, विनामोबदला

थांब, म्हणाल्या.
विनामोबदला म्हंजे?

काही न घेता.

म्हंजे फुकाट.
माझ्याकडं नाही, हसुरामच्या नव्या बुटांकडं बघत होत्या.
फुकाट नाय लिवायचा.

बाय, नुसता शब्द हाय, हसुराम म्हणाला.
मीही समजावलं: मोबदला लिहिला की मुद्रांक वाढतो,
न लिहिता दोनशे रुपयांत काम होतं.
बहिणीचं फुकट सरकारला स्वस्त पडतं,
हे मी मोठ्यानं म्हणालो नाही.

आयेचा सा वर्सा मी केला. त्ये लिव.

आता हिला देवस्थळी सर कसे सांगू?
ठाण्यात रात्रीच्या वर्गाला फडफडणारी ट्यूबलाइट,
खिशात खडू, तोंडात इंग्रजांचा करार.
झालं गेलं ते प्रतिफल नव्हे, म्हणायचे.
आधी देऊन बसलात, मग वचन मिळालं,
तर ते वचन हवेत.
आणि माया? मायेला तिथं टेबलावर जागा नाही.
पण मिरीचा एक दाणा ठेवा!
साहेबाच्या देशात वर्षाला एका मिरीवर
अख्खं घर भाड्यानं जातं.
किती, हे न्यायाधीश विचारत नाही.
आहे का, एवढंच.
आपल्या कायद्यानं मायेसाठी थोडी फट ठेवलीय, असंही सर सांगू लागायचे,
तोवर घंटा व्हायची, मी कळव्याच्या शेवटच्या बसमागं पळायचो.
ती फट मी परीक्षेपुरतीच वाचली.

मी म्हणालो, बाई, मिरीचा दाणा लिहू?

मिरीचा मी काय करू?

मग बराच वेळ काही नाही.
वर टोकन नंबर पुकारले जात होते.

जिताडा, म्हणाल्या.

प्लॉट आहे तिथं बापाचं खाजण होतं.
उधाणाच्या रात्री तो उघाडीवर जाळं लावून बसायचा,
पहाटे हाताएवढा जिताडा घेऊन घरी.
मधली तुकडी याची, हसुरामकडं बोट,
मना डोका. म्हनं पोरींना डोकाच गोड लागतो.
वर्साला एक. आख्खा.
मधली तुकडीपन.

लिहिलं. प्रतिफल: दरसाल एक जिताडा, सबंध.
वरच्या क्लार्कनं मान वर केली,
मूल्यांकन काय धरू? संगणकात मासळीचा रकाना नाही.
चहा झाला, दुसरा झाला, हसुरामनं ओठांत काहीतरी म्हणत
वाढीव मुद्रांक भरला.
चांगुणाबाईंनी अंगठा उठवला
आणि उरलेली शाई केसांना पुसली.

तीन वर्षांनी नेरुळच्या मासळी बाजारात दिसल्या.
मिळतो का जिताडा?
पयल्या साली आनला, अठराशे मोजून.
दुसऱ्या साली पापलेट.
यंदा फोनवर पैशे धाडले, मी परत धाडले.

हा करारभंग आहे, बाई. दावा लावता येतो.
वकिली अंगात चढली होती माझ्या, हातात कोलंबीची पिशवी.

म्हंजे त्यो मना देना लागतो?

लागतो.

कागदावं?

कागदावर. सही, शिक्का, दोन साक्षीदार.

लागू दे मंग, म्हणाल्या,
आणि मांदेलीचा वाटा कितीला
ते विचारायला पलीकडं वळल्या.